विश्लेषण : संग्रहालयाला टाळे लागो, नात्याला नको! पेण-गडबच्या मुलांनी बंद दाराकडे काय मागावे?

‘दुरुस्तीच्या कामासाठी संग्रहालय तात्पुरते बंद आहे.’ अशी पाटी लागली की मुंबईकर थोडा हळहळतो आणि दुसरीकडे वळतो. गडब, वडखळ, कासू किंवा रोह्याच्या माणसाला ती पाटी दिसतही नाही. दार उघडे होते तेव्हाही संग्रहालय त्याच्यापासून लांबच होते. एसटीने किंवा रेल्वेने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा, मुलांचे तिकीट, खाणेपिणे धरून पाचशेच्या दोन नोटा मोडायच्या, एवढे करून तिथे पाहायचे काय हेच ठाऊक नसायचे.

म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा. संग्रहालय बंद असण्याचा काळ हा लोकांपासून तुटण्याचा काळ का असावा? इमारत रिकामी आहे, पाहुण्यांची गर्दी नाही, वस्तू खोक्यांत बांधलेल्या आहेत. मग गावोगाव जायला याहून चांगला मुहूर्त कोणता? जगातल्या काही संग्रहालयांनी, त्यातही विद्यापीठांच्या संग्रहालयांनी, हे करून दाखवले आहे. मुंबईतही त्याची उदाहरणे आहेत. प्रश्न आहे तो रायगड जिल्ह्याला त्यातले काय मिळाले आणि काय मागता येईल याचा.

‘बंद’ म्हणजे नेमके काय बंद?

संग्रहालयाची कामे साधारण चार. वस्तू जमवणे, त्या टिकवणे, त्यांचा अभ्यास करणे आणि त्या लोकांना दाखवणे. दार बंद होते तेव्हा यातले फक्त चौथे काम थांबते. पहिली तीन चालूच असतात, उलट वाढतात. प्रत्येक वस्तू खाली उतरवली जाते, तिची मोजदाद होते, फोटो निघतात, कुठे बुरशी आली, कुठे तडा गेला याची नोंद होते.

मुळात बंद का करावे लागते, तेही समजून घ्यायला हवे. किनारपट्टीच्या हवेत दमटपणा कायमचा. पावसाळ्यात कौलारू किंवा पत्र्याच्या छतातून पाणी झिरपते, भिंतीला ओल धरते, लाकडाला वाळवी लागते. विजेची जुनी वायरिंग आणि आगीची भीती वेगळीच. कागदावरचे चित्र किंवा प्लॅस्टरची मूर्ती अशा हवेत झपाट्याने खराब होते. पेणचा मूर्तिकार हे कोणत्याही तज्ज्ञाइतकेच जाणतो. जुलैच्या पावसात शाडूची मूर्ती सुकवताना त्याची जी तारांबळ उडते, तीच संग्रहालयाची बाराही महिने उडत असते. त्यामुळे दुरुस्तीसाठी दार लावणे हा गुन्हा नाही, ती गरज आहे.

पण जागतिक संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात संग्रहालय सर्वांना खुले असावे, सर्वसमावेशक असावे आणि समाजाच्या सहभागाने चालावे असे म्हटले आहे. ही व्याख्या इमारतीची नाही, नात्याची आहे. इमारत बंद राहू शकते. नाते बंद ठेवण्याची मुभा ही व्याख्या देत नाही.

भायखळ्याने काय शिकवले?

आपल्याजवळचे सर्वांत बोलके उदाहरण भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. त्याची कहाणीच मुळी बंद होण्यापासून सुरू होते. आधी हा संग्रह फोर्टातल्या लष्करी बराकीत होता. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्कराला जागा हवी झाली, संग्रह घाईने बाहेर काढला गेला आणि त्याची वाताहत झाली. तो पुन्हा जमवावा लागला. डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून नव्या इमारतीसाठी खटपट केली. ती इमारत १८७२ मध्ये खुली झाली. म्हणजे संग्रह एकदा हातचा गेल्यावर तो उभा राहिला तो लोकांच्या आपुलकीवर. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव दिले गेले.

पुढे इमारतीची दुर्दशा झाली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी करार करून जीर्णोद्धार हाती घेतला. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दार उघडले. त्यानंतर २०२० मध्ये कोविड आला, दार पुन्हा लागले, त्याला दुरुस्तीची जोड मिळाली आणि लोकांना आत जायला मिळाले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. सुमारे पाच वर्षे. पहिलीत गेलेले मूल तेवढ्यात सहावीत पोहोचते.

या काळात संग्रहालय गप्प बसले नाही. २०२२ मध्ये संग्रहातल्या १०१ वस्तूंमधून मुंबईची गोष्ट सांगणारे जाडजूड इंग्रजी पुस्तक आले. कलेचा इतिहास शिकवणारे वर्ग ऑनलाइन भरले. हे काम मोलाचे आहे. पण ते कोणापर्यंत पोहोचले? इंग्रजी वाचणाऱ्या, चांगले इंटरनेट असणाऱ्या, मुळातच संग्रहालयात जाणाऱ्या माणसापर्यंत.

खरी हळहळ पुढेच आहे. या संग्रहालयाचे एक वैशिष्ट्य म्हणजे मातीचे नमुने. मुंबई इलाख्यातले वेगवेगळ्या समाजांचे लोक, त्यांचे पेहराव, कारागीर, त्यांची अवजारे यांच्या छोट्या छोट्या मातीच्या प्रतिमा तिथे आहेत. माती, साचा, रंग, डोळ्यांची आखणी. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत रोज जे चालते, त्याचेच हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे भावंड. पेणच्या मूर्तिकाराने ते पाहिले तर तो तासभर हलणार नाही. पाहुणा म्हणून नव्हे, त्याच कामातला माणूस म्हणून तो पाहील. मग अशी पाच वर्षे मिळाली असताना त्या मातीच्या माणसांच्या प्रतिकृती घेऊन कोणी पेणला का येऊ नये? हा दोषारोप नाही. पुढच्या वेळेसाठीची मागणी आहे.

दार बंद, तरी उपयोगी

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची कोनशिला १९०५ मध्ये बसली, इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. नव्याकोऱ्या इमारतीत वस्तू मांडण्याऐवजी जखमी सैनिकांसाठी रुग्णालय थाटले गेले. लोकांसाठी संग्रहालय म्हणून ती खुली झाली १० जानेवारी १९२२ रोजी. म्हणजे हे संग्रहालय उघडण्याआधीच शहराच्या उपयोगी पडले होते.

याच संग्रहालयाने २०१५ पासून ‘चाकांवरचे संग्रहालय’ सुरू केले. बसमध्ये काचेची कपाटे, प्रतिकृती, पडद्यावरची माहिती आणि समजावून सांगणारी माणसे. ही बस शाळेच्या मैदानात उभी राहते आणि मुले रांगेने आत जातात. मुख्य इमारत उघडी आहे की बंद, याच्याशी त्या बसचा संबंध नाही. मुलाने संग्रहालयाकडे जायचे ही जुनी रीत इथे उलटली आहे. बंद काळातल्या कोणत्याही संग्रहालयासाठी हा तयार धडा आहे, तोही आपल्याच राज्यातला.

विद्यापीठांची संग्रहालये काय करतात?

विद्यापीठाच्या संग्रहालयाची अडचण जरा निराळी असते. ते मुख्यतः विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी असते. गावातल्या माणसाला वाटते, ही काही आपली जागा नव्हे. दार बंद झाले की हा समज पक्का होतो.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग संग्रहालय २००८ मध्ये मोठ्या बांधकामासाठी बंद झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये उघडले. मधल्या काळात बराच वेळ शेजारच्या दुसऱ्या इमारतीत विद्यापीठाच्या तिन्ही संग्रहांमधल्या निवडक वस्तू मांडून ठेवल्या होत्या. सगळे दाखवता येत नाही, पण चांगले तेवढे डोळ्यांआड होऊ द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार.

प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. जुने कलासंग्रहालय पाडून नवे बांधायला घेतले. नवी इमारत ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी खुली झाली. त्या मधल्या वर्षांत संग्रहालयाने गावाच्या बाजारपेठेतच छोटी दालने चालवली. त्यातले एक तर पूर्वी दुकान असलेल्या गाळ्यात होते. भाजी आणायला निघालेला माणूस सहज आत डोकावू शकतो, ही त्यातली गंमत. विद्यापीठाच्या फाटकातून आत जायला जो बिचकतो, तो बाजारातल्या गाळ्यात शिरायला बिचकत नाही.

आणि ब्राझीलचे उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारे. रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय तिथल्या केंद्रीय विद्यापीठाच्या ताब्यात होते. १८१८ मध्ये स्थापन झालेले, सुमारे दोन कोटी वस्तूंचे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री आग लागली आणि बहुतेक संग्रह जळून गेला. तिथे ‘तात्पुरते बंद’ म्हणायलाही जागा उरली नव्हती. तरीही संग्रहालयाच्या लोकांनी आवारातल्या बागेत तंबू ठोकले आणि उरलेल्या वस्तू, चालू संशोधन लोकांपुढे मांडले. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आवाहन केले, की संग्रहालयात काढलेले तुमच्याकडचे फोटो पाठवा. हजारो फोटो आले. जळून गेलेल्या वस्तूंची आठवण शेवटी सामान्य माणसांच्या मोबाइलमध्ये सापडली.

हा मुद्दा मनात धरून ठेवावा असा आहे. लोकांशी नाते हे संग्रहालयाने केलेले उपकार नसतात. वेळ आली की लोकच संग्रहालयाला वाचवतात. १८५७ नंतर मुंबईत ते घडले, २०१८ मध्ये रिओत घडले.

यात रायगडचा संबंध काय?

संबंध थेट आहे, आणि तो अलिबाग तालुक्यातल्या सासवण्यातून जातो. गडबहून वडखळ, पोयनाड, अलिबाग आणि पुढे रेवसच्या वाटेवर सासवणे. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१ ते १९६७) यांचे घर आणि शिल्पालय आहे. पुण्यातला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, जो १९२८ मध्ये उभा राहिला, तो यांचाच.

नानासाहेब करमरकर एवढे मोठे झाले कसे? घरी गणपती करण्याची परंपरा होती. पोराचा हात मातीत आणि रंगात रुळलेला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते पडले. त्यांनी या मुलाला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

आता विचार करा. कलेक्टर त्या दिवशी त्या देवळात गेलाच नसता तर? आज पेण तालुक्यातल्या किती कारखान्यांत असा एखादा विनायक कच्च्या मूर्तीला पाणी मारत बसला असेल? त्याच्या हाताकडे पाहणारे कोणी आहे का? एका साहेबाची नजर पडणे हा योगायोग. योगायोगाच्या भरवशावर शंभर वर्षांत एक करमरकर मिळतो. संग्रहालयाचे गावाशी नाते असणे म्हणजे त्या योगायोगाची व्यवस्था लावणे.

ज्या जेजेने करमरकरांना घडवले, ती कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आता ती महाविद्यालय राहिली नाही, विद्यापीठ झाली. दीड शतकात तिच्याकडे विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या चित्र-शिल्पांचा मोठा ठेवा जमला आहे. विद्यार्थी असतानाच गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास घडवलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लॅस्टरचे शिल्प याच परंपरेतले. जेजेच्या आवारात या संग्रहाचे कायमचे संग्रहालय व्हावे, ही चर्चा वर्षानुवर्षे ऐकू येते.

विद्यापीठाचा दर्जा मिळाला की जबाबदारीही विद्यापीठाची येते. संग्रहालयाची इमारत होईल तेव्हा होईल. तोवर संग्रह कुलपात आणि लोक बाहेर, असेच चालवायचे का? प्रिन्स्टनने इमारत होईपर्यंत बाजारात गाळा घेतला. जेजेने पेणच्या बाजारात, एखाद्या वाचनालयाच्या खोलीत, चार महिन्यांसाठी एक दालन मांडायला काय हरकत आहे?

कुलूप लावले म्हणजे वस्तू सुरक्षित झाली, असेही नाही. जेजेचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या अनेक नष्ट झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींचेही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत असेच झाले होते. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचे सचित्र पुस्तक छापले, म्हणून त्या कामाचा मोठा भाग आज पाहता तरी येतो. नोंद करून ती चार ठिकाणी पोहोचवणे, हाही संरक्षणाचाच मार्ग आहे.

मोबाइलवर सगळे दिसते, मग अडले कुठे?

हा लेख तुम्ही मोबाइलवरच वाचत असाल. मग संग्रहालयाने वस्तूंचे फोटो टाकले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. ते अर्धेच खरे आहे.

कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, युनेस्कोने एक पाहणी प्रसिद्ध केली. जगातली जवळपास ९० टक्के, म्हणजे ८५ हजारांहून अधिक संग्रहालये तेव्हा बंद होती. आफ्रिका आणि छोट्या बेटांच्या देशांत मात्र फक्त ५ टक्के संग्रहालयांना ऑनलाइन काही देता आले. जवळपास १३ टक्के संग्रहालये पुन्हा कधीच उघडणार नाहीत, अशी भीतीही त्यात होती. म्हणजे ‘ऑनलाइन या’ हे सांगणे सोपे, पण ते सगळ्यांना सारखे लागू पडत नाही.

आपल्याकडे मोबाइल घराघरांत आहे. अडचण वेगळी आहे. पहिली भाषेची. संग्रहालयांची ऑनलाइन माहिती बहुतांशी इंग्रजीत, तीही जड. दुसरी, शोधायचे काय हेच माहीत नसेल तर माणूस शोधणार कसा? तिसरी आणि मोठी, शिल्प हे पडद्यावर कळत नाही. मूर्तीची पाठ कशी घेतली आहे, बोटांच्या मधली जागा किती खोल आहे, अंगावरच्या वस्त्राची चुणी कुठून सुटली आहे, हे फिरून, वाकून, जमलेच तर हात लावून पाहावे लागते. मातीत काम करणाऱ्याला तर विशेषच.

मोबाइलचा खरा उपयोग आमंत्रणासाठी आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर सोमवारी एका वस्तूचा फोटो आणि साध्या मराठीत एक मिनिटाचा आवाज. ‘हे कोणी केले, कशाचे केले, यात तुम्हाला काय वेगळे दिसते?’ मुलांनी उत्तर पाठवायचे, संग्रहालयाने त्याला उत्तर द्यायचे. एवढ्याला इमारत लागत नाही. लागतो एक माणूस आणि थोडी नियमितता.

आक्षेप कोणते, आणि त्यांत तथ्य किती?

‘मूळ वस्तू गावात नेणे धोक्याचे.’ बरोबर. प्रवासात धक्के बसतात, दमट हवा लागते, विमा परवडत नाही. पण मूळ वस्तू नेण्याचा हट्ट कोणी धरला? प्रतिकृती न्या. आणि प्रतिकृती करणारे हात कुठे शोधायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी पडू नये. साच्यातून मूर्ती काढण्यात पेणचा हात कोण धरणार? संग्रहालयाने आपल्या शिल्पांच्या मोजक्या प्रतिकृती पेणच्या कारागिरांकडून, त्यांना योग्य मोबदला देऊन, करून घ्याव्यात. मूर्तिकाराला नवे काम मिळेल, मूळ शिल्प जवळून अभ्यासता येईल आणि शाळांसाठी पेटीही तयार होईल.

‘कर्मचारी आधीच कमी आहेत, ते दुरुस्तीच्या कामात गुंतलेले.’ यातही तथ्य आहे. पण जी माणसे एरवी तिकीट, पहारा आणि दालन सांभाळतात, माहिती सांगतात, त्यांचे बंद काळातले काम काय, हे आधी ठरवता येते. विद्यापीठाकडे तर विद्यार्थी आहेत. शिल्पकला शिकणाऱ्या मुलांनी वर्षातून दहा दिवस पेणच्या कारखान्यात काढले, तर शिकवण्यापेक्षा शिकूनच जास्त जातील.

‘पैसे कुठून आणायचे?’ गडबच्या आसपास, डोलवी ते नागोठणे या पट्ट्यात मोठे उद्योग आहेत. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीचे जतन, सार्वजनिक वाचनालये, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे विषय स्पष्टपणे दिलेले आहेत. रस्ता, कमान आणि बाकडी यांच्यापलीकडे ग्रामपंचायतीने मागणी केली पाहिजे. न मागता कोण देणार?

‘आधी शाळेला शिक्षक द्या, मग संग्रहालय.’ हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक. त्याला उत्तर एवढेच, की हे एकाच्या बदल्यात दुसरे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे शिकणे सुचवले आहे. ज्या तालुक्यात गल्लोगल्ली मूर्तिकार आहेत, तिथे यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. संग्रहालयाची पेटी त्या दहा दिवसांत आली की शाळेचेही काम हलके होते.

मग नेमके काय करावे?

पहिले, पाटीवर तारीख लिहा. ‘तात्पुरते’ या शब्दाला शेवट नसतो. काम कुठवर आले आणि दार कधी उघडणार, हे दर तीन महिन्यांनी मराठीत जाहीर करावे. तारीख पुढे गेली तर ती का गेली, हेही सांगावे. लोक उशीर समजून घेतात, मौन नाही.

दुसरे, शाळांसाठी प्रतिकृतींची फिरती पेटी. सात-आठ प्रतिकृती, त्यांची मराठी माहिती, हात लावायला परवानगी. एका केंद्रशाळेत पंधरा दिवस, मग पुढच्या. जी मुले शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, देतात त्यांना वस्तुचित्रासाठी पेप्सीच्या बाटलीऐवजी खरे शिल्प समोर मिळेल.

तिसरे, मूर्तिकारांसाठी कार्यशाळा, आणि ती त्यांच्या सवडीने. गणेशोत्सव संपल्यावर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांत थोडी उसंत असते. तेव्हा संग्रहालयाच्या संवर्धन तज्ज्ञांनी यावे. भेगा कशा भरायच्या, जुना रंग कसा तपासायचा, साचे कसे जपायचे, हे सांगावे. आणि शाडू कशी मळायची, डोळ्यांची आखणी एका दमात कशी करायची, हे मूर्तिकारांकडून शिकून जावे. दोन्ही बाजू खाटेवर बसलेल्या असाव्यात, एक मंचावर आणि एक सतरंजीवर नको.

चौथे, आठवणींची नोंद. पेणमधल्या जुन्या पिढीने प्लॅस्टर येण्याआधीचे दिवस पाहिले आहेत. जुने साचे, जुन्या धाटणीच्या मूर्तींचे फोटो, कामाचे शब्द त्यांच्यापाशी आहेत. ते त्यांच्यासोबत जातील. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, त्या माणसांची परवानगी घेऊन, ते ध्वनिमुद्रित करावे आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. गावातून न्यायचे आणि गावाला काहीच परत द्यायचे नाही, हे आजवर पुष्कळ झाले.

पाचवे, आपल्या हातात असलेले आधी करू. सासवणे काही मुंबई नव्हे. पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली पाण्याच्या बागांकडे जातात, तशा त्या इकडेही नेता येतील. तिथल्या अंगणातली म्हैस आणि घरातली माणसांची शिल्पे पाहताना मुलांना कळेल, की आपल्याच जिल्ह्यातल्या, गणपती करणाऱ्या घरातला एक मुलगा कुठवर पोहोचला. हे सांगायला कोणत्याही जीआरची वाट पाहावी लागत नाही.

पणाला काय लागले आहे?

संग्रहालय कायमचे बंद पडते ते टाळे लावल्याने नव्हे. लोकांना त्याची आठवण येईनाशी होते, तेव्हा ते बंद पडते. मग निधी मागणारे कोणी उरत नाही, उशिराबद्दल विचारणारे कोणी उरत नाही, आणि दार उघडले तरी आत जाणारे तेच मोजके चेहरे असतात.

पेणच्या बाजूने पाहिले तरी पणाला लागलेले कमी नाही. इथला व्यवसाय मोठा आहे, पण त्यातली कला टिकेलच याची हमी नाही. रबरी साच्यातून एकसारख्या मूर्ती निघतात आणि मुलगा घरच्या कारखान्यात फक्त रंग मारायला बसतो. त्याला कोणी दाखवलेच नाही, की हाच हात शिल्पकाराचा होऊ शकतो, तर तो कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामासाठी उभा राहणारच. त्यात त्याचा दोष नाही. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे होते आणि ज्यांनी ते कुलपात ठेवले, त्यांच्याकडे काही हिशोब बाकी राहतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडता येईल. मुंबईतल्या संग्रहालयांना आणि जेजे विद्यापीठाला पत्र पाठवायचे : तुमची इमारत बंद असेल तेव्हा आमची शाळा उघडी आहे, मैदान मोकळे आहे, वाचनालयात एक खोली आहे. तुम्ही या. आपली बाजू तयार ठेवून बोलावले, तर न येण्याचे कारण त्यांना द्यावे लागेल.